स्मारकाची तरतूद

नांदेड-लातूरच्या मुलखात गावाची स्मृती दगडात उमटवण्याची परंपरा किती जुनी आहे, हे पाहायचे तर प्रथम कंधारकडे वळावे लागते. राष्ट्रकूटांच्या वैभवकाळात हे नगर नावारूपाला आले. तेथील जगत्तुंगसमुद्र नावाचा विस्तीर्ण तलाव, मानसपुरीतील क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव आणि तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेख ही एका राजसत्तेने आपल्या नगराविषयी बाळगलेल्या अभिमानाची साक्ष आहे. मला त्यांत अधिक मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. त्या काळचे दानलेख केवळ बांधकामाची नोंद करून थांबत नसत. पूजाअर्चा कोणी करावी, अन्नछत्र कसे चालावे, त्यासाठी कोणते उत्पन्न राखून ठेवावे, याचा बंदोबस्तही ते करीत. वास्तू उभारणाऱ्याच्या मनात तिच्या पुढच्या शतकांचा विचार होता.

राजाश्रयापासून दूर असलेल्या गावाने आपली स्मृती वीरगळात राखली. वेशीजवळ, मारुतीच्या पाराशेजारी किंवा शेताच्या बांधावर उभी असणारी ती शिळा पाहिली, म्हणजे तिची रचना लगेच ध्यानात येते. खालच्या पट्टीत लढाई, आणि वीराने गुरे सोडवताना देह ठेवला असेल तर त्या गुरांचा कळप. मधल्या पट्टीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे कीर्तीची मुदत. बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही, कारण नाव सांगणारे गाव भोवतीच नांदत होते. पुढे पिढ्या लोटल्या, घराणी उठून गेली, नाव लोपले, आणि तरीही गावकरी त्या शिळेला शेंदूर लावीतच राहिले. कोणत्याही सरकारी खर्चाच्या सदराखाली न येणारी ही देखभाल मला अत्यंत आदरणीय वाटते.

निजामी अंमलाच्या अखेरच्या दशकात या मुलखाने पुन्हा वीर दिले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. त्याच वर्षी उदगीरचे वकील आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते श्यामलाल यांचा बीदरच्या तुरुंगात अंत झाला. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ निजामविरोधी लढ्यातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ज्या सत्तेविरुद्ध ही माणसे झगडत होती, तिच्याच हद्दीत त्यांचा उघडा गौरव करणे शक्य नव्हते. तो अवकाश १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर मिळाला. तेव्हा लोकांनी जी स्मारके मागितली, त्यांतील काही पुतळ्याच्या नव्हे तर शाळेच्या रूपाने उभी राहिली, ही या भागाच्या स्वभावाची मोठी खूण आहे. उदगीरला श्यामलाल यांचे आणि अर्जापूरला पानसरे यांचे नाव शिक्षणसंस्थेला लाभले, आणि ज्या नावाचा उच्चार हजेरीपटापासून प्रमाणपत्रापर्यंत रोज होतो, ते नाव विसरणे कठीण असते.

१९८०च्या सुमारास बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना शासनाने राज्यभर हुतात्मा स्मारके बांधण्याचे मोठे कार्य हाती घेतले आणि दोनशेहून अधिक स्मारके उभी केली. हेतू थोर होता, आणि खेड्यातील हुतात्म्याला शासनाने प्रथमच एवढ्या व्यापक प्रमाणावर मान दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु कोकण असो वा मराठवाडा, नकाशा बहुतांशी एकच. गवंड्याला गावची कथा कोणी विचारली नाही, आणि कोनशिला बसल्यानंतर झाडलोट, दिवाबत्ती व डागडुजी यांसाठी टिकाऊ तरतूद झाली नाही. परिणामी पुष्कळ ठिकाणी गवत माजले आणि कुलूप गंजले. नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानातील स्मारकापाशी मात्र दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते; जेथे असा नेम बांधला गेला, तेथे दगडही जागता राहिला.

लातूर जिल्ह्याला आणखी एका स्मृतीचे ओझे वाहावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, आणि कित्येक गावे जुन्या जागा सोडून नव्याने वसवावी लागली. दगडमातीच्या जड भिंतींखालीच माणसे गाडली गेली होती. अशा लोकांसाठी स्मृतिस्तंभ घडवणाऱ्याने त्याचा चौथरा किती उंच असावा याची चिंता करण्याआधी मृतांची नावे गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्याकडून तपासून घेऊन कोरली पाहिजेत, आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे कोण येईल, कोण झाडेल, खर्च कोणत्या खात्यातून निघेल, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवले पाहिजे. वास्तूबरोबर तिच्या देखभालीचीही तरतूद करावी लागते, हे कंधारच्या शिल्पकाराला आणि त्याच्या धन्याला ठाऊक होते. आज नवे स्मारक मंजूर करणाऱ्या प्रत्येक पंचायतीने व नगरपरिषदेने कलाकाराच्या करारनाम्याबरोबर हा ठरावही त्याच सभेत मांडावा.