तान्हा पोळा, पाऊस आणि चार आण्यांची बाकी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मी माळ्यावरून लाकडी नंदी उतरवत होतो. नात पहिल्यांदाच तान्ह्या पोळ्याला नागपुरात येणार होती. तेव्हा म्हटले, या नंदीविषयीच लिहावे. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याची दोरी ओढली आहे.

विदर्भाबाहेर गेलेल्यांना तान्हा पोळा म्हणजे काय, हे दरवेळी समजावून सांगावे लागते. श्रावण अमावास्येला पोळा. त्या दिवशी मान खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोरांचा पोळा. चाकांचा लाकडी नंदी सजवायचा, तोरणाखाली उभा करायचा, मग घरोघर न्यायचा आणि बोजारा मागायचा. नागपुरात ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली, असे सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यातून आजही मोठा लाकडी बैल मिरवणुकीने निघतो. त्याच दिवशी मारबत आणि बडगेही निघतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर न्यायची, ही त्यामागची भावना. या दिवसाची स्थानिक सुट्टी आपल्याला मिळे, हे तर कोणी विसरले नसेल.

तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. राज्य गेले, पण पोरांचा पोळा राहिला. मला वाटते, तो दरबारावर अवलंबून नव्हता म्हणून राहिला. बापाने नंदी माळ्यावरून काढायचा, रंगवायचा आणि दोरी पोराच्या हाती द्यायची, एवढ्यावर तो चालतो.

आमचा नंदी आजोबांनी चितारओळीतून आणलेला. बाबांनी त्याला दोनदा रंग दिला, मी तीनदा. शिंगाजवळ टवका उडाला आहे, तिथे खालचे जुने रंग एकाखाली एक दिसतात.

हा सण ऐन पावसातला. आपण पाचवीत होतो, त्या वर्षी तीन दिवस झड लागली होती. बाबांनी घरातला एकुलता एक रेनकोट नंदीवर घातला. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "बैल पावसाले भेत नाही रे, रंग भेते. तू ओला झाला तर पुसून काढू." आम्ही तिघे मित्र नंदी ओढत निघालो. शाळेमागच्या गल्लीत चाके चिखलात रुतली. ओढता ओढता नंदी कलंडला आणि एक चाक निखळले.

तेवढ्यात आपल्याच वर्गातला एक जण आला. त्याचे वडील इतवारीत बंडी हाकायचे. त्याच्या घरी खरी बैलजोडी होती, लाकडी नंदी मात्र नव्हता. आदल्या दिवशी तो बैलांना आंघोळ घालून, शिंगे रंगवून थकलेला. त्याने काही न विचारता दगडाने खुंटी ठोकून चाक बसवले आणि नंदी उचलून थेट तोरणापर्यंत नेला.

त्या दिवशी पंचाहत्तर पैसे बोजारा जमला. आम्ही तिघांनी चार-चार आणे वाटून घेतले. तो बाजूला उभा होता. त्याचा नंदी नाही म्हणून त्याचा वाटा नाही, असा आमचा हिशेब.

घरी मोठ्या ऐटीत सगळे सांगितले. बाबा एवढेच म्हणाले, "अन् ज्यानं बैल उचलला, त्याचा बोजारा कुठी हाय?" दुसऱ्या दिवशी चार आणे खिशात घालून शाळेत आलो. तो माझ्या मागच्याच बाकावर होता. पण द्यायची लाज वाटली. मधल्या सुट्टीत त्या पैशांच्या बोरकुटाच्या पुड्या घेतल्या आणि एकट्याने खाल्ल्या.

ज्याच्या घरी बैल नाही, त्या पोरालाही पोळा मिळावा, हा तान्ह्या पोळ्यातला मोठेपणा. आम्ही मात्र ज्याच्या घरी खरे बैल होते, त्यालाच बाहेर ठेवले. मुलीला दोरी दिली तेव्हा ही गोष्ट मी गाळली होती. यंदा नातीला सांगितली. ती लगेच म्हणाली, "मग आजोबा, आता देऊन टाका ना!"

मित्रा, तुझे नाव इथे लिहीत नाही. तू वाचशील आणि ओळखशील. स्नेहमेळाव्याला नंदी घेऊन येतो आहे, दोरी धरायला नातही येईल. तुझी नातवंडे घेऊन ये. चार आण्यांचे नाणे आता चालत नाही, पण एक जपून ठेवले आहे. उशिरा का होईना, तुझा बोजारा घेऊन जा. आणि त्या दिवशी पाऊस आला, तर चाकाची खुंटी कशी ठोकायची ते पोरांना तूच शिकव. मला ते अजून नीट जमत नाही.