तिळाने दिलेली साक्ष

ऑलिव्ह तेलातली भेसळ पकडणाऱ्या जुन्या रासायनिक कसोट्यांपैकी एक मार्सेय या फ्रेंच बंदरातली. तिथल्या पूते नावाच्या औषधनिर्मात्याने ती १८१९ मध्ये मांडली. तेव्हा ऑलिव्हमध्ये खसखशीचे तेल मिसळत. ते फिकट, सौम्य आणि जिभेला चटकन न कळणारे. पूतेने पारा नायट्रिक आम्लात विरघळवला आणि ते द्रावण तेलात घालून ढवळले. अस्सल ऑलिव्ह तेल काही तासांत गोठून घट्ट, पिवळट गोळा होई. खसखशीचे मिसळलेले असले तर मऊ राही. गोठलेला पदार्थ नेमका कोणता, हे फेलिक्स बूदेने १८३२ मध्ये दाखवले.

पण शेंगदाण्याचे तेलही याच कसोटीत बऱ्यापैकी गोठते. शिवाय मार्सेयच्या गिरण्यांत आता तीळ गाळले जाऊ लागले होते आणि तिळाची पोती आपल्या मुंबई बंदरातूनही जात होती. स्वस्त तेल बदलले की जुनी कसोटी अपुरी पडे. सरकी आली तेव्हा तिच्यासाठीही वेगळी कसोटी शोधावी लागली.

तिळासाठी बोदुआँची कसोटी आली. तेलात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर घालून हलवायचे. तीळतेल असेल तर आम्ल लाल होते. पुढे विलावेकिया आणि फाब्रिस या इटालियन रसायनज्ञांनी साखरेऐवजी फरफ्युरल हे रसायन वापरले. मला ही कसोटी पूतेच्या कसोटीपेक्षा फार पुढची वाटते. ‘हे ऑलिव्हच आहे का’ असे मोघम न विचारता ती थेट ‘यात तीळ आहे का’ असे विचारते.

तिचे खरे सोने झाले ते भारतात, आणि तेही तुपाच्या बाबतीत. वनस्पती तूप दिसायला साजूक तुपासारखेच रवाळ, त्यामुळे साजूक तुपात ते बेमालूम खपे. त्यावर कायद्याने उपाय केला: वनस्पती तुपात किमान ५ टक्के तीळतेल असलेच पाहिजे. भेसळीच्या मालातच साक्षीदार पेरून ठेवला. प्रयोगशाळेत ५ मिलिलिटर वितळलेले तूप, तेवढेच तीव्र आम्ल आणि फरफ्युरलचे काही थेंब परीक्षानळीत घालून दोन मिनिटे जोरात हलवतात. नळी स्थिर ठेवली की तूप वर येते आणि खालचे आम्ल किरमिजी दिसते. मग पाणी घालून पुन्हा हलवायचे. रंग टिकला तर भेसळ नक्की.

अशीच खूण स्पेनने रेपसीडच्या तेलाला केली होती. देशी ऑलिव्हचा बाजार राखण्यासाठी कारखान्यांसाठी येणाऱ्या या तेलात ॲनिलीन हे रसायन मिसळणे सक्तीचे होते, म्हणजे ते कोणी खाणार नाही. व्यापाऱ्यांनी ते तापवून, पुन्हा शुद्ध करून १९८१ मध्ये ऑलिव्ह तेल म्हणून फेरीवाल्यांमार्फत विकले. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, ३०० हून अधिक दगावले. बळी गेले ते बहुतेक सुटे, बिनलेबलाचे स्वस्त तेल घेणाऱ्या कष्टकरी घरांतले. तीळ काही विष नाही. स्पेनने खूण निवडताना एवढाच विचार करायला हवा होता. त्या उन्हाळ्यात सरकारने लोकांकडचे संशयित तेल परत घेतले आणि बदल्यात शुद्ध ऑलिव्ह तेल दिले.