ज्ञानावरचा पहारा

विद्या हे असे धन आहे की ते चोराला नेता येत नाही आणि राजाला हिरावून घेता येत नाही, ही शिकवण आपल्याकडे पाठशाळेतील लहान मुलालाही मिळत आली आहे. परंतु कायद्याचे जुने ग्रंथ चाळू लागले, की निराळेच चित्र समोर येते. विद्येची चोरी होते असे समजून राजांनी तिच्यावर पहारे बसविले, सीमेवर कारागिरांच्या झडत्या घेतल्या, आणि तेच राजे दुसऱ्याच्या घरातली विद्या आपल्याकडे आली म्हणजे तिला मानाचा शेला पांघरीत राहिले. राष्ट्राराष्ट्रांतील या स्पर्धेचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण आपल्या हिताहिताशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

पेटंट अथवा एकस्व म्हटले, की स्वतःच्या बुद्धीने नवीन शोध लावणाऱ्याचा हक्क, असा अर्थ आज आपण घेतो. आरंभी तो तसा नव्हता. 1331 साली इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने जॉन केंप नावाच्या फ्लँडर्समधील विणकराला अभयपत्र दिले. आपली कला घेऊन इंग्लंडात यावे आणि ती येथील लोकांना शिकवावी, हा त्यातील हेतू. पुढे 1624 च्या मक्तेदारीविषयक कायद्याने नव्या कलाकृतीच्या ‘पहिल्या व खऱ्या’ संशोधकास चौदा वर्षांचा अनन्य अधिकार मिळू लागला. पण इंग्लंडच्या न्यायालयांनी या शब्दांत परदेशातील कला प्रथम स्वदेशी आणणाऱ्याचाही समावेश केला. शोध कोणी लावला यापेक्षा तो आपल्या राज्यात कोणी आणला, याला महत्त्व होते.

याचे ठळक उदाहरण डर्बी शहरातील रेशमाच्या कारखान्याचे. जॉन लोंब नावाच्या तरुणाने इटलीतील पिडमाँट प्रांतात जाऊन रेशीम पिळण्याच्या यंत्रांची गुप्त माहिती मिळविली, आणि तिच्या बळावर त्याचा भाऊ टॉमस याने 1718 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतले. मुदत संपल्यावर ती वाढवून देण्यास पार्लमेंटने 1732 साली नकार दिला. परंतु देशसेवेबद्दल चौदा हजार पौंडांचे पारितोषिक दिले! गंमत अशी, की या पेटंटनंतर पुढच्याच वर्षी, 1719 मध्ये, त्याच पार्लमेंटने इंग्रज कारागिरांना फूस लावून परदेशी नेणे हा गुन्हा ठरविला. परदेशी गेलेला कारागीर इशारा मिळूनही सहा महिन्यांत परतला नाही, तर त्याचा वारसाहक्क नष्ट होई आणि तो परका गणला जाई. 1774 पासून सुती कापडाची यंत्रे व अवजारे बाहेर नेण्यावरही बंदी आली.

ही बंदी मोडणाऱ्यांत सॅम्युएल स्लेटर सर्वांत प्रसिद्ध. 1768 साली डर्बीशायरमध्ये जन्मलेल्या या मुलाने जेडेडाया स्ट्रट याच्या गिरणीत उमेदवारी केली. स्ट्रट हा सूतकताईच्या यंत्राचा पेटंटधारक रिचर्ड आर्कराइट याचा एके काळचा भागीदार. उमेदवारी संपताच, 1789 च्या सप्टेंबरात, एकवीस वर्षांचा स्लेटर शेतमजुराच्या वेषात जहाजावर चढला, असे सांगतात. त्याच्याजवळ एकही नकाशा नव्हता. होते ते उमेदवारीचे करारपत्र, आणि डोक्यात साठविलेले यंत्र. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याच्या भांडवलावर त्याने ते यंत्र पुन्हा उभे केले, आणि 1790 च्या डिसेंबरात पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी सुरू झाली. तिचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुले होती, हेही विसरता कामा नये. अमेरिकेने पुढे स्लेटरला आपल्या उद्योगांचा जनक म्हणून गौरविले. त्याच्या जन्मगावच्या लोकांनी त्याला देशद्रोही म्हटले.

स्लेटर चोर होता काय? वकिलाच्या दृष्टीने पाहू जाता हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आर्कराइटच्या कताईयंत्राच्या पेटंटची मुदत 1783 मध्ये संपली होती, आणि पिंजण इत्यादी यंत्रांवरील 1775 चे पेटंट 1785 मध्ये न्यायालयानेच रद्द केले होते. म्हणजे 1789 साली खुद्द इंग्लंडातील कोणीही ती यंत्रे बांधण्यास मोकळा होता. तेव्हा स्लेटरने कोणाची मालमत्ता नेली नाही; त्याने मोडला तो देशाबाहेर कौशल्य नेण्याची मनाई करणारा कायदा. ज्या वस्तूवर व्यक्तीचा हक्क उरला नव्हता, तिच्यावर राष्ट्र हक्क सांगत होते. मालकीहक्क आणि राष्ट्राचा स्वार्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत त्या काळी झाली आणि आजही होते.

स्लेटरच्या नव्या देशाने तरी परक्यांच्या हक्कांचा मान राखला काय? 1793 च्या अमेरिकन कायद्याने पेटंट केवळ नागरिकांपुरते ठेवले. 1836 च्या कायद्याने परक्यांना दार उघडले; पण शुल्क नागरिकाला तीस डॉलर, इतर परदेशीयांना तीनशे आणि ब्रिटिश प्रजाजनाला पाचशे! इंग्रज लेखकांची पुस्तके तेथे मोबदला न देता छापली जात. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्सने अमेरिकेच्या दौऱ्यात याविरुद्ध तक्रार केली. परकीय ग्रंथकारांना तेथे कायद्याचे संरक्षण मिळाले ते 1891 साली. इकडे ब्रिटनने कारागिरांवरील बंदी 1824 मध्ये आणि यंत्रांच्या निर्यातीवरील बंदी 1843 मध्ये उठविली. पहारा निष्फळ ठरला होता, आणि यंत्रे विकण्यात आता लाभ दिसत होता.

या कथेत हिंदुस्थानचे स्थान कोठे? अगदी आरंभी. आमच्या छापील सुती कापडापुढे विलायतेच्या विणकरांचा टिकाव लागेना, म्हणून इंग्लंडने प्रथम 1700 च्या व नंतर 1721 च्या कायद्याने त्या कापडाच्या वापरावर बंधने घातली. त्याच शतकात, 1742 मध्ये, गास्तों कर्दू या फ्रेंच जेझुइटाने पाँडिचेरीकडील ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून कापड रंगविण्याची पद्धत समजून घेऊन ती तपशीलवार पत्राने मायदेशी कळविली. त्या रंगाऱ्यांना कोणतेही पेटंट मिळाले नाही. ते मिळण्याजोगी वस्तू आपल्याजवळ आहे, हे त्यांना सांगणारेही कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 च्या अहवालात या प्रश्नाचा सखोल विचार केला. त्यातून 1970 चा पेटंट कायदा आला. औषधांच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ निर्मितीच्या पद्धतीवर पेटंट द्यावे, असे धोरण ठरले. आपला औषधउद्योग याच छायेत वाढला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार 2005 पासून पदार्थांवरील पेटंट पुन्हा आले. ज्या राष्ट्रांनी स्वतःच्या बाल्यावस्थेत मोकळीक उपभोगली, त्यांनीच मोठेपणी इतरांसाठी दार अरुंद केले, अशी तक्रार यावर होते. ती खोटी नाही. परंतु केवळ तक्रारीने निभाव लागत नाही, हे पुढील प्रसंगावरून दिसेल.

1995 साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या उपायाबद्दल अमेरिकन पेटंट मिळाले. आपल्या घरात बोट कापले, की आजी प्रथम हळदीच्या डब्याकडे धाव घेते! पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसता वापर हा पुरावा नव्हता. छापलेला ग्रंथ हवा होता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, आपल्या गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, बत्तीस संदर्भ पुढे मांडले. त्यांत प्राचीन संस्कृत ग्रंथ होता, तसाच भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील 1953 चा निबंधही होता. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले.

आजीचे ज्ञान खरे होते. परंतु न्यायासनासमोर टिकला तो कागद. आपल्या देवस्थानांच्या पेट्यांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर औषधांची बाडे, रंगांच्या व धातुकामाच्या टिपणांच्या वह्या अजून पडून आहेत. कित्येकींना वाळवी लागली आहे. या वह्या उघडाव्यात, त्यांच्या नकला कराव्यात, जे केवळ मुखोद्गत आहे ते वृद्धांना विचारून लिहून काढावे आणि तारीख घालून छापावे. पुढच्या उत्सवाला महाजनांची सभा भरेल, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत या एका विषयाला जागा मिळाली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.