न जुळणाऱ्या आट्यांची गोष्ट

'पेच' हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ अर्थ पीळ, वळसा. इकडे आल्यावर त्याने बरीच घरं केली. पगडीवर तो शिरपेच झाला, आखाड्यात डावपेच झाला, संक्रांतीच्या आभाळात पतंगांचा पेच झाला आणि राजकारणात पेचप्रसंग झाला. फिटरच्या हातात मात्र पेच म्हणजे मळसूत्र, आपला साधा स्क्रू. आज मला ज्या पेचाविषयी बोलायचं आहे, त्यात अडचण आणि स्क्रू हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

पेच असा. घरात किंवा दुकानात कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट आहे. हार्ड डिस्क भरली म्हणून नवी, मोठी डिस्क आणली. खणात सरकवून पाहिली, तर कडेची पुढची आणि मागची भोकं जुळतात, पण मधल्या जागी भोकच नाही. तळातून बसवायला जावं, तर चारांपैकी दोन जुळतात आणि दोन हुकतात. शेजारी वाटीत जुने स्क्रू पडलेले असतात, काही जाड आट्यांचे, काही बारीक आट्यांचे. दिसायला सगळे सारखे, पण एकाचा दुसऱ्याच्या जागी उपयोग नाही. मग कुणी म्हणतं, एका स्क्रूवर राहू द्या. कुणी म्हणतं, आणा ड्रिल, पाडू भोक.

ड्रिल हाती घेण्याआधी, मित्रहो, एवढं विचारावं की एकाच डब्यात दोन जातींचे स्क्रू आले कुठून? उत्तर शोधायला पावणेदोनशे वर्षांहून अधिक मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात यंत्रयुग जोरात होतं, पण प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. बोल्ट आणि त्याचा नट ही जोडी जन्माची असे. त्यांच्यावर खुणा करून ठेवत, कारण एकाचा नट दुसऱ्या बोल्टवर चढत नसे. लंडनच्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचं नेमकं यंत्र बनवलं. त्याच्याच हाताखाली काही काळ काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला गेला. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांनी वापरावं असं एक माप मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे ते ठरलेलं. कुणाचंच माप पूर्णपणे घेतलं नाही, म्हणून कुणाचाच पुरता पराभव झाला नाही. रेल्वे कंपन्यांनी ते माप उचललं आणि ते साम्राज्यभर पसरलं. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रं त्याच मँचेस्टरच्या मुलखातून आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आटेही आले. आपल्या कामगारांनी त्या इंचाचे आठ भाग केले आणि एकेका भागाला 'सूत' म्हटलं. 'चार सुती बोल्ट दे' ही भाषा वर्कशॉपांत रुजली ती अशी.

अमेरिकेला मात्र व्हिटवर्थचा आटा अवघड वाटला. त्याची टोकं गोलाई दिलेली होती आणि ती गोलाई नेमकी साधायला कसबी हात लागत. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे आपला आटा मांडला. कोन ६० अंश, टोकं सपाट, साध्या कारागिरालाही जमेल असा. युरोपात मेट्रिक पद्धत वाढत होती, तेव्हा १८९८ मध्ये झ्युरिकच्या परिषदेत मिलिमीटरचा आटा ठरला, त्याचाही कोन ६० अंशच. आता जगात तीन मोठी घराणी झाली.

न जुळण्याची किंमत काय असते, हे ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने पाहिलं. आग भडकली, शहराचे बंब अपुरे पडले, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्ककडून मदत धावून आली. पाणी होतं, माणसं होती, हिंमतही होती. पण बाहेरून आलेल्यांच्या पाइपांची तोंडं बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. कापड गुंडाळून, हाताने दाबून धरून त्यांनी पाणी मारायचा प्रयत्न केला. आग सुमारे तीस तास जळत राहिली आणि दीड हजारांहून अधिक इमारती गेल्या. आगीला कारणं अनेक होती, पण आटे न जुळणं हे त्यांतलं एक होतं. पुढच्याच वर्षी तिथे पाइपजोडांचं एक राष्ट्रीय माप ठरवलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धात तोच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. विमानांसाठीचं रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवू लागली. इंजिन ब्रिटिश, म्हणून आटेही ब्रिटिश. अमेरिकेत तसे स्क्रू तयार मिळत नव्हते. पॅकार्डपुढे दोन वाटा होत्या: इंजिनाला आपले अमेरिकी आटे लावायचे, किंवा ब्रिटिश आटे पाडायची हत्यारं स्वतः बनवायची. तिने दुसरी वाट धरली, कारण आघाडीवरच्या मेकॅनिकला इंग्लंडचा सुटा भाग अमेरिकी इंजिनात बसवता यायला हवा होता. युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका यांनी वॉशिंग्टनमध्ये एका समान आट्यावर सह्या केल्या. कोन ६० अंश ठरला. त्याआधी एक वर्ष, १९४७ मध्ये, आयएसओ ही प्रमाणीकरणाची आंतरराष्ट्रीय संघटना सुरू झाली होती. तिच्या तांत्रिक समित्यांना क्रमांक आहेत. समिती क्रमांक एक कशासाठी, तर स्क्रूच्या आट्यांसाठी.

कोन एक झाला, पण इंच आणि मिलिमीटर एक झाले नाहीत. आणि नेमक्या याच काळात हार्ड डिस्क जन्माला आली. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढा आकार आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची. ती जमिनीवर उभी राहत असे, तिला खण लागत नव्हता. त्याच वर्षी आपल्या संसदेने वजनमापांचा कायदा करून शेर-मण आणि इंच-फुटांऐवजी मेट्रिक पद्धत स्वीकारली, ही गंमत मला नेहमी वाटते.

डिस्क लहान होत गेली तशी तिला कुणाच्या तरी घरात जागा शोधावी लागली. १९८० मध्ये सीगेट कंपनीची सव्वापाच इंची डिस्क आली. तिचा आकार मुद्दाम सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हएवढा ठेवला होता, म्हणजे फ्लॉपीच्या खणात ती बिनतक्रार बसे. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइमने साडेतीन इंची डिस्क आणली आणि तिनेही साडेतीन इंची फ्लॉपीचीच खोली घेतली. म्हणायला साडेतीन इंची, पण प्रत्यक्षात रुंदी चार इंच. नवा भाडेकरू जुन्या भाडेकरूच्या खुंट्यांवरच कपडे अडकवत गेला.

खुंट्या मात्र दोन जातींच्या निघाल्या. हार्ड डिस्क अमेरिकेत वाढली, म्हणून साडेतीन इंची डिस्कच्या भोकांना इंचाचा आटा मिळाला: जाडी साडेतीन मिलिमीटर आणि इंचात ३२ आटे. साडेतीन इंची फ्लॉपी जपानच्या सोनीची, सीडी सोनी आणि हॉलंडच्या फिलिप्सची. त्यांच्या ड्राइव्हना मेट्रिक आटा: जाडी ३ मिलिमीटर आणि दर अर्ध्या मिलिमीटरला एक आटा. अडीच इंची छोट्या डिस्कनेही हाच बारीक आटा घेतला. वाटीतल्या त्या स्क्रूंत फिलाडेल्फिया आणि झ्युरिक अजून शेजारी शेजारी पडलेले आहेत. जाड स्क्रू बारीक भोकात पिळला तर आटे सोलून निघतात. बारीक स्क्रू जाड भोकात एखादा वळसा आत जातो, बसल्यासारखा वाटतो, पण त्याला धड पकड मिळत नाही.

आता मधल्या भोकाचं काय झालं? साडेतीन इंची डिस्कच्या प्रत्येक कडेला तीन भोकं आणि तळाला चार, हे ठरलेलं होतं. पण साठवणुकीची भूक वाढत गेली. २०१३ मध्ये एचजीएसटी कंपनीने हवेऐवजी हेलियम भरलेली डिस्क आणली आणि त्याच इंचभर उंचीत सात तबकड्या बसवल्या. तबकड्या वाढल्या तशी कडेच्या भिंतीत स्क्रू शिरायला जागा उरली नाही. मोठ्या डिस्कमधून मधलं भोक गेलं. तळाच्या भोकांची एक जोडीही सरकली. दोन जोड्यांतलं पूर्वीचं अंतर पावणेदोन इंच होतं, ते तीन इंच झालं. हा बदलही प्रमाणपत्रकात पर्याय म्हणून नोंदलेला आहे. करार मोडला नाही, त्याला पुरवणी जोडली. पण आपलं कॅबिनेट पुरवणीच्या आधीचं आहे, आणि त्याला ही बातमी कुणी दिलेली नाही.

मग एका स्क्रूवर का लटकवू नये? डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. बाहेरच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातो. वाचणारं टोक तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून नुसतं ओरडून दाखवलं, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा वेग मंदावलेला दिसला. आरोळीने जी डिस्क अडखळते, ती सैल पत्र्यावर स्वतःच्याच थरथरीने अडखळणार नाही का? आणि ड्रिल तर नकोच. डिस्कच्या अंगाला भोक पाडणं म्हणजे तिला मारणंच. कॅबिनेटच्या पत्र्याला पाडायचं असेल तर डिस्क आणि बाकीचे भाग आधी बाहेर काढावेत, भोकाची कड कानशीने घासावी आणि लोखंडाचा कीस पुसून घ्यावा.

सोपा मार्ग दुव्याचा आहे. लहान डिस्क मोठ्या खणात बसवायची पट्टी बाजारात मिळते. सव्वापाच इंची रिकामा खण असेल तर साडेतीन इंची डिस्क त्यात बसवायच्याही पट्ट्या मिळतात. मधलं भोक नसेल तर दोन्ही कडांची पुढची-मागची मिळून चार भोकं वापरावीत, कारण ती जागची हललेली नाहीत. पट्टी किंवा ट्रे घेताना नव्या भोकांच्या मापाचा आहे ना, ते विचारावं. रबराचे बुश लावले तर थरथर कमी पोचते. स्क्रू डिस्कबरोबर आलेले किंवा त्याच आट्याचे आणि आखूड असावेत. लांब स्क्रू आत जाऊन भलतीकडे टेकतो. दोन-तीन वळसे बोटाने फिरले पाहिजेत. बोटाने फिरत नाही तो त्या भोकाचा नाही, असं समजावं. हेलियम नसलेल्या डिस्कला श्वासाचं एक बारीक छिद्र असतं, ते पट्टीने किंवा टेपने झाकू नये. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला दोन स्क्रू पुरतात.

या सगळ्या खटाटोपाला काही रुपयांची पट्टी आणि अर्धा तास लागतो. डिस्कवर काय असतं ते प्रत्येकाला ठाऊक असतं: लग्नाचे फोटो, सातबाराच्या प्रती, गेलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज, एखाद्या कवीचं न छापलेलं बाड. स्क्रू नीट बसला तरी डिस्क कधीतरी बंद पडतेच, म्हणून एक प्रत दुसरीकडे ठेवावीच. पण आपल्या हाताने तिचं आयुष्य कमी करू नये.

व्हिटवर्थने स्क्रू मोजले, पॅकार्डने दुसऱ्याचे आटे पाडायची हत्यारं बनवली, बाल्टिमोरच्या आगीनंतर अमेरिकेने मापं ठरवली. यांतल्या कुणीही भोकात स्क्रू ठोकून बसवला नाही. भोक आणि स्क्रू यांच्यामधली जी तफावत असते, तिथे हातोडी नव्हे, पट्टी ठेवायची असते.