‘पँडी’ : एका आडनावाचे अवमूल्यन

दिल्ली विद्यापीठालगतची टेकडी, जिला ‘रिज’ म्हणतात, १८५७ च्या उन्हाळ्यात इंग्रजी फौजेच्या ताब्यात होती. ८ जून रोजी बादली की सराय येथील लढाई जिंकून ही फौज टेकडीवर पोहोचली आणि १४ सप्टेंबरला तिने शहरावर निर्णायक हल्ला चढविला. मधल्या तीन महिन्यांत या तळावरून घरी गेलेल्या पत्रांत, पुढे फील्ड मार्शल झालेल्या फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या पत्रांतही, तटाआडच्या शत्रूला एक सुटसुटीत नाव मिळालेले दिसते : ‘पँडी’. हा शब्द मराठीत कसा आणावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही.

शब्दाचे मूळ निर्विवाद आहे. ३४ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीतील शिपाई मंगल पांडे यांनी २९ मार्च १८५७ रोजी बराकपूर येथे आपल्या अधिकाऱ्यांवर शस्त्र उगारले; ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. युल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात ‘पँडी’ची स्वतंत्र नोंद असून, बंगाल सैन्यातील उच्चवर्णीय शिपायांत हे आडनाव बरेच आढळत असे, असा खुलासा तेथे मिळतो. रॉबर्ट्स यांच्या १८९७ च्या आत्मचरित्रातही हे नाव सर्वच बंडखोर शिपायांना लागू झाल्याचे स्पष्टीकरण आहे. कोशकाराचा हा निर्विकार सूर फसवा आहे. व्युत्पत्ती सांगितली की शब्दाचा विषारीपणा आपोआप नोंदला जातो, असे नाही.

खरा प्रश्न असा की नव्या नावाची गरज का भासली? तटाआडचा शत्रू कालपर्यंत याच फौजेचा शिपाई होता. कवायत तीच, बिगुलाचे इशारे तेच, हुद्द्यांची नावेही तीच. त्याला ‘शिपाई’ म्हणावे तर जुने नाते मान्य करावे लागे. शिवाय टेकडीवरच्या फौजेत गुरखे, शीख, पंजाबी मुसलमान होते. म्हणजे केवळ वर्णावरून शत्रू ओळखता येत नव्हता. ‘पँडी’ने ही अडचण सोडविली. मात्र ती सोडविताना ब्राह्मण शिपाई, राजपूत शिपाई आणि मेरठहून आलेला मुसलमान स्वार यांना एकाच आडनावात कोंबले. ज्या नावाला त्याच्या मूळ समाजात पांडित्याचा आणि कुळाचा मान होता, त्याचे इंग्रजी लाडक्या नावांच्या धर्तीवर, ‘टॉमी’, ‘जॉनी’सारखे, लघुरूप झाले. हे लघुरूप लाडाचे नव्हे, हिणविण्याचे होते. माणसे मारायची असली की नाव लहान केलेले सोयीचे पडते.

दिल्लीकरांची शब्दयोजना याहून निराळी होती. ते या शिपायांना ‘तिलंगे’ म्हणत. कंपनीच्या दक्षिणेतील आरंभीच्या कवायती पायदळाची आठवण त्या शब्दात आहे. वर्णवाचक शब्दही होतेच. मेरठचे औघडनाथ मंदिर आजही ‘काली पलटन मंदिर’ म्हणून ओळखले जाते, कारण देशी पलटणींच्या वस्तीला तेव्हा ‘काली पलटन’ म्हणत. १८५८ मध्ये हिंदुस्थानात आलेले ‘टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी तर, अमेरिकेतील गुलामांना उद्देशून वापरला जाणारा अपशब्द इंग्रज मंडळी हिंदी माणसांना सर्रास लावतात, याबद्दल आपल्या रोजनिशीत नाराजी नोंदविली. ‘पँडी’ त्या अपशब्दाच्या शेजारीच नांदत होता.

टेकडीवरील मोक्याचे ठाणे म्हणजे हिंदुरावांचा वाडा. आज तेथे त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे. हे हिंदुराव कागलकर घाटगे, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. बायजाबाईंच्या सर्वतोमुख यज्ञाची वार्ता ऐकूनच वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये इंग्रज ‘गोरे’ आहेत. हाही वर्णवाचक शब्दच. पण गोडशांनी कोणाच्या आडनावाची शिवी केलेली नाही.

मराठी अनुवादकाची अडचण येथे सुरू होते. ‘पँडी’ला ‘बंडखोर’ म्हटले तर हेटाळणी नाहीशी होते. ‘पांडे’ म्हटले तर त्याहून विपरीत घडते : देशपांडे या वतनदारी नावाशी आणि वऱ्हाडातील गावच्या हिशेबनीस पांड्याशी परिचित असलेल्या वाचकाला त्यात केवळ घरचे, प्रतिष्ठित आडनाव दिसते. विनायक दामोदर सावरकरांनी १८५७ वरील आपल्या ग्रंथात नेमका याचाच लाभ घेतला. मूळ मराठीत लिहिलेल्या आणि १९०९ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात, सर्व बंडवाल्यांना पांड्यांचे नाव मिळाले ही गोष्ट हुतात्म्याच्या गौरवाप्रमाणे सांगितली आहे. शब्द तोच, घटना तीच. अर्थ मात्र पूर्ण उलटा. अशा वाचनात रॉबर्ट्सच्या पत्रांतील तिरस्कार मात्र ऐकू येईनासा होतो. त्यामुळे ही पत्रे मराठीत आणताना ‘पँडी’ हा शब्द आहे तसाच, त्याच्या विद्रूप उच्चारासह ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल. वाचकाला तो खटकला पाहिजे.