अमळनेरचा डबा आणि नावावरचा भरवसा

दोंडाईचा ही खान्देशातली लाल मिरचीची नावाजलेली बाजारपेठ. मिरची घेणारा ढिगात हात घालतो, एखादी मोडून वास घेतो, रंग पाहतो आणि मग भाव बोलतो. पूर्वी तेलाचेही तसेच होते. घाणा डोळ्यांसमोर फिरे आणि तेली ओळखीचा असे. डबाबंद माल आला तेव्हा ही पारख करायची सोय उरली नाही. डबा फोडण्याआधी त्यावरच्या नावावर भरवसा ठेवणे भाग पडले. असा भरवसा कमावण्याची मोठी घडामोड याच ताप्ती खोऱ्यातल्या लोहमार्गावर, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद ओलांडून लागणाऱ्या अमळनेरला झाली.

महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. भुईमूग आसपास मुबलक होता. त्याच्या तेलापासून ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप बने, आणि जोडीला ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण निघे. काळ मात्र वनस्पतीला अनुकूल नव्हता. ते साजूक तुपात सहज मिसळून खपवता येई. गांधीजींचा त्याला विरोध होता आणि बंदीची मागणीही झाली. अखेर सरकारने वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळताच तिळाच्या तेलामुळे लाल रंग चढतो, त्यामुळे तुपातली भेसळ पकडता येई. ज्या मालाची खूणगाठ कायद्याला बांधावी लागली, त्या मालातून या कंपनीचे नाव उभे राहिले, हे विसरून तिच्या मूल्यांबद्दल बोलता येत नाही.

ऑगस्ट १९६६ मध्ये प्रेमजींचे निधन झाले. स्टॅनफर्डमधले शिक्षण अर्धवट सोडून त्यांचे २१ वर्षांचे पुत्र अझीम प्रेमजी परतले. अनुभवी माणसाच्या हाती कंपनी सोपवा, असे एका भागधारकाने सभेतच सुनावल्याचे सांगतात. शेंगांची पारख तोवर जाणत्या खरेदीदाराच्या नजरेवर चाले. तिथे नमुने तपासून, मोजून भाव ठरवण्याची शिस्त आणली गेली. १९७० च्या दशकात कंपनीने आपल्या श्रद्धा लेखी मांडल्या. लाच द्यायची नाही, हे त्यांतले सर्वांत खर्चिक कलम. परवाने आणि जोडण्यांच्या त्या काळात कामे अडत, आणि त्याची किंमत कंपनीलाच मोजावी लागे.

१९८२ मध्ये नाव ‘विप्रो लिमिटेड’ झाले. तोवर हायड्रॉलिक सिलिंडर आणि संगणक यांच्या धंद्यातही कंपनी उतरली होती. चंदन आणि हळदीचा ‘संतूर’ साबण १९८० च्या दशकात बाजारात आला. त्याची जाहिरात मात्र मूल्यांवर नव्हे, तर तरुण दिसणाऱ्या आईवर चालली! साबण विकायचा तर त्वचेचीच भाषा बोलावी लागते. तूप, साबण, यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांना एका नावाखाली आणणारे काही हवे होते. १९९८ मध्ये इंद्रधनुषी फुलाचे बोधचिन्ह आले आणि त्याबरोबर ग्राहकाला दिलेले एक वचन. मानवी मूल्यांचा आदर त्यात सर्वांत आधी होता. सचोटी, नवी कल्पकता आणि पैशाचा पुरेपूर मोबदला हे त्यानंतर. २००६ मध्ये ‘स्पिरिट ऑफ विप्रो’ या नावाने ही मूल्ये पुन्हा मांडली गेली.

असे वचन कोणतीही जाहिरात संस्था लिहून देऊ शकते. अमळनेरला त्याचा पुरावा घराघरांत होता. सुरुवातीच्या काळात गावातल्या अनेक कुटुंबांनी शेअर घेतले आणि कित्येकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत. २००४ मध्ये एकास दोन आणि २००५ मध्ये एकास एक बोनस मिळाला. म्हणजे त्या दोन वर्षांतच एका शेअरचे सहा झाले. संगणकाशी संबंध नसलेली शेतकरी आणि व्यापारी घरे लक्षाधीश, काही तर कोट्यधीश झाली. मार्च २०१९ मध्ये अझीम प्रेमजींनी कंपनीतल्या आणखी ३४ टक्के भागभांडवलाचे आर्थिक लाभ शिक्षणासाठी काम करणाऱ्या अझीम प्रेमजी फाउंडेशनला दिले. फाउंडेशनचा एकूण वाटा त्यामुळे ६७ टक्क्यांवर गेला.