फिरता पैसा आणि संस्थांची छपरं

आज आपण एका छोट्या, पण बोलक्या इतिहासाकडे पाहणार आहोत. अमेरिकेतल्या लहान धर्मादाय संस्थांच्या छपरांवर सौर पॅनेल कशी आली, आणि त्यासाठी लोकांना वर्गणी का काढावी लागली?

हा ‘का’ महत्त्वाचा आहे. कारण सरकार तर सवलत देतच होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या काळात सौरऊर्जेला करसवलत देणारा कायदा झाला. पुढे २००५ च्या ऊर्जा कायद्याने व्यावसायिक सौर प्रकल्पांची सवलत १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली. म्हणजे एखाद्या दुकानदाराने एक लाख डॉलरची यंत्रणा बसवली, तर त्याच्या करातून तीस हजार वजा.

आता गोम बघा. अनाथाश्रम, प्रार्थनास्थळ, नृत्यशाळा यांना आयकर नसतो. ज्याला करच नाही, त्याच्या करातून वजा काय करणार? दुकानदाराला जे यंत्र सत्तर हजारांत पडतं, ते शेजारच्या अनाथाश्रमाला पूर्ण एक लाखात. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. पण घडलं ते असं. २००९ मध्ये मंदीच्या काळात सरकारने या सवलतीऐवजी रोख अनुदान देऊ केलं, तेव्हाही धर्मादाय संस्थांना त्यातून वगळलं होतं.

एक आडवाट होती. गुंतवणूकदाराने संस्थेच्या छपरावर स्वतःच्या मालकीची पॅनेल बसवायची, करसवलत आपण घ्यायची आणि संस्थेला वीज विकायची. पण अशा गुंतवणूकदाराला मोठे प्रकल्प हवे असतात. दहा किलोवॉटच्या छपरासाठी तितकीच कागदपत्रं आणि तितकाच वकील कोण करणार? लहान संस्था मागेच राहिल्या.

या फटीत २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘रीव्हॉल्व्ह’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. संस्थापक अँड्रियास कॅरेलास. कल्पना सोपी: लोकांनी थोडी थोडी देणगी द्यायची, त्यातून एका संस्थेच्या छपरावर पॅनेल बसवायची. संस्थेने वाचलेल्या वीजबिलातून वीस वर्षं भाडं भरायचं, आणि ते भाडं पुढच्या संस्थेसाठी वापरायचं. आपल्याकडे भिशी किंवा बचत गट ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे लगेच समजेल. फरक एवढाच, की भिशीत कधी ना कधी आपला नंबर लागतो. इथे देणाऱ्याचा नंबर लागतच नाही. लागतो तो पुढच्या संस्थेचा.

२०१३ मध्ये बर्कलीच्या शॉल-अँडरसन नृत्यशाळेसाठी ऑनलाइन वर्गणीतून रक्कम जमली. पुढे ऑकलंड परिसरातल्या एका यहुदी प्रार्थनास्थळाच्या छपरावरही याच पद्धतीने पॅनेल बसली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ‘कोरेना’ या गटाने देणग्यांतून संस्थांना बिनव्याजी कर्जं द्यायला सुरुवात केली. परतफेड पुन्हा वाचलेल्या बिलातूनच.

पण नुसतं कौतुक करून भागणार नाही. हिशोब करू. पैसे वीस वर्षांत परत येणार असतील, तर दरवर्षी साधारण विसावा हिस्सा येतो. व्याज बाजूला ठेवलं, तर वर्षाला एक नवा प्रकल्प केवळ परतीच्या पैशावर उभा राहायला आधी वीस प्रकल्प हवेत. तोवर नव्या देणग्या लागणारच. लोकवर्गणी वाट दाखवू शकते. पण कायद्यातली फट एकटी बुजवू शकत नाही.

ती बुजवली कायद्यानेच. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने करमुक्त संस्थांना सवलतीची रक्कम थेट सरकारकडून मिळू लागली. २००५ पासून मोजलं तर सतरा वर्षांनी! आणि लगेच, ४ जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने मुदत घातली: प्रकल्पाचं काम ४ जुलै २०२६ पर्यंत सुरू व्हायला हवं, नाहीतर २०२७ अखेर तो चालू व्हायला हवा. सतरा वर्षांनी उघडलेलं दार तीन वर्षांत पुन्हा लोटलं गेलं.

म्हणून हा फिरता पैसा मला महत्त्वाचा वाटतो. तो हळू चालतो, पण सरकार बदललं म्हणून परत जात नाही. वीस वर्षांचं भाडं येतच राहतं. आणि यातून इतिहासाच्या अभ्यासकाने एक सवय उचलावी. कुठलीही सवलत जाहीर झाली, की ती कुणाला मिळते हे सगळेच विचारतात. आपण विचारावं, ती घेताच येणार नाही असं कोण आहे?